श्रीगजाननप्र

सांगलीच्या गणपती पेठेत माझं टायपिंग करण्याचं आणि पानं लावण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिच्यात तीन कॉम्प्युटर, एक ऑपरेटर बाई, एक पंखा आणि भाद्रपद सरला की चार दिवाळी अंक. कॉम्प्युटर एकाच टेबलावर, एकमेकांपासून तीन-तीन फुटांवर बसतात. तिघांच्या वायरी एकाच डबीत जातात आणि त्या डबीवरचे हिरवे दिवे दिवसभर लुकलुकत असतात. म्हणजे कोणीतरी कोणाशीतरी बोलत असणार. आमच्या कामाचं मात्र काही बोलत नाहीत.

सर्वात जुना २००६च्या दसऱ्याला आला. त्याच्यावर विंडोजची जुनी आवृत्ती एक्सपी आहे आणि ती हलवता येत नाही, कारण आमच्या जुन्या फॉन्टचं कुलूप, म्हणजे जो लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही तो तुकडा, त्याच्याच पाठीमागच्या प्रिंटरच्या भोकात बसतं. तो बसवला तेव्हा तंत्रज्ञाने विचारलं, "नाव काय द्यायचं?" वडील हातात नारळ घेऊन उभे होते. ते म्हणाले, "श्रीगजाननप्रसन्न." आता नेटवर्कवर जुन्या पद्धतीचं नाव इंग्रजी पंधरा अक्षरांचंच चालतं, सोळावी जागा यंत्र स्वतःच्या कामाला ठेवून घेतं. त्यामुळे शेजारच्या कॉम्प्युटरांना तो आजतागायत 'श्रीगजाननप्र' एवढाच दिसतो. 'प्र' त्याच्याकडे राहिला आणि 'सन्न' आमच्याकडे.

मधला विंडोज सेव्हन. त्याचं नाव माजघर, तो बाईंचा. दाराजवळचा नवा कोरा विंडोज अकरा, त्याचं नाव ओसरी. टायपिंग जुन्यावर होतं, पानं नव्यावर लागतात आणि मधली वाहतूक वर्षानुवर्षं पेनड्राइव्हने चालायची. गेल्या वर्षी त्या पेनड्राइव्हवरून मजकुराची आदली आवृत्ती पानात गेली. एका कवितेच्या मध्यावर मुद्रितशोधकाने लिहिलेला प्रश्न, "इथे काही राहिलं आहे का?", तसाच छापला गेला. कवीला तीन वाचकांनी कळवलं की ती ओळ काळजाला भिडली. कवी खूश आहे. संपादक नाहीत. त्यांनी बजावलं, "अहो, यंदा एकच फाइल, एकाच ठिकाणी. नाहीतर अंक मिरजेला देतो."

तेव्हा मी ठरवलं की जुन्याचं फोल्डर नव्यावर सरळ उघडायचं. नव्यावर जुन्याचं नाव लिहिलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत गेली, थबकली आणि उत्तर आलं: नेटवर्कवरची वाट सापडली नाही. सोबत शून्य-एक्स-आठ-शून्य-शून्य-सात-शून्य-शून्य-तीन-पाच असा क्रमांक. वाट सापडली नाही म्हणजे काय? वाट माझ्या पायाशी होती! निळी वायर होती, तिच्यावरून बाईंनी सकाळीच केरसुणी फिरवली होती.

पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन केला.

"मामा, पिंग केलंस का?"

पिंग म्हणजे पलीकडच्याला हाक मारून 'ओ' येते का ते पाहणं. जुन्याला त्याच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने, १९२.१६८.१.७ अशी हाक मारली. एक मिलिसेकंद व्हायच्या आत चारदा 'ओ' आली. म्हणजे गृहस्थ घरात होते, जागे होते, कानही शाबूत होते. फक्त नावाने हाक मारली की दार उघडत नव्हते.

नावाची भानगड भाच्याने समजावली ती ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. जुन्या विंडोजमध्ये कोण कोण हजर आहे याची यादी ठेवायला एक कॉम्प्युटर निवडला जातो आणि त्यासाठी चक्क निवडणूक होते. कोणाची विंडोज वरची, ते बरोबरीत असले तर कोण जास्त वेळ चालू आहे, असं बघून एक जण पुढारी ठरतो. बाकीच्यांनी साधारण दर बारा मिनिटांनी "मी आहे" असं ओरडायचं. कोणी नीट निरोप न घेता गेला, म्हणजे वीज गेली किंवा बाईंनी पायाने बटण दाबलं, तर तीन हाका चुकेपर्यंत नाव काढत नाहीत. म्हणजे बंद पडलेला कॉम्प्युटर छत्तीस मिनिटांपर्यंत यादीत जिवंत! आमच्या वॉर्डाच्या मतदारयादीपेक्षा हे खातं पुष्कळच चपळ आहे. तिच्यात आमचे आजोबा अजून आहेत. नव्या विंडोजने मात्र ही निवडणूकच सोडून दिली आहे. त्याची हजेरी घ्यायची रीत वेगळी आणि ती जुन्याला ठाऊक नाही.

"मग आकड्यानेच फोल्डर उघडून बघ," भाचा म्हणाला. उघडलं. या वेळी 'वाट सापडली नाही' ही थाप बंद झाली आणि खरं कारण बाहेर आलं: पलीकडचा एसएमबी-एक ही जुनी, असुरक्षित बोली बोलतो, म्हणून जोडणार नाही.

एका कॉम्प्युटरने दुसऱ्याकडे फाइल मागायची ही भाषा १९८३ साली आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी घडवली. म्हणजे कपिलदेवने लॉर्ड्सवर कप उचलला त्या वर्षीची. पुढे तिची दुसरी, तिसरी आवृत्ती निघाली, पण एक्सपीला पहिलीच येते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच पहिल्या आवृत्तीच्या भोकातून शिरला आणि इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांपर्यंत जाऊन बसला. भोक बुजवायचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच, निघालं होतं. लोकांनी लावलं नव्हतं. (मी तरी कुठे लावलं होतं? ठिगळं लावताना मशीन पुन्हा चालू करा म्हणतं आणि ते नेमकं पानं लावताना म्हणतं.) त्या वर्षाच्या शरदापासून विंडोज दहाने ती बोली नव्याने बसवणं थांबवलं. थोडक्यात, आमचा जुना मोडीत लिहितो आणि नव्याला मोडी शिकवलेलीच नाही.

"नव्याला मोडी शिकवता येते," भाचा म्हणाला, "पण नको. त्याच मशीनवर तू बँकेचं काम करतोस."

दरम्यान मी स्वतःहून बरेच उपाय केले होते. फायरवॉल बंद केली, अँटीव्हायरस बंद केला, डबीची वायर बदलली, वर्कग्रुपचं नाव बदललं, दोन चौकोनांतल्या टिचक्या काढल्या आणि दुसऱ्या तीन मारल्या, शेवटी उदबत्ती. भाच्याने विचारलं, "यातलं आधी काय होतं ते लिहून ठेवलंस?" मी फोन बाईंच्या हातात दिला. त्याने त्यांना सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाहायची, वहीत लिहायची आणि फरक पडला नाही तर होती तशी करायची. त्यांनी तासभर बसून माझे उपाय एकेक करून उतरवले. फायरवॉलही परत लावली. तिचा काही संबंध नव्हता.

आणि मग बाईच म्हणाल्या, "दादा, माझ्या मशीनला दोन्ही येत असेल की."

खरंच. विंडोज सेव्हनला मोडीही येते आणि देवनागरीही. माजघरालाच दुभाषा करायचं, फोल्डर तिथे ठेवायचं. जुना मागच्या दाराने येईल, नवा पुढच्या. इतकं सरळ. फक्त माजघराचं दार उघडायचं राहिलं होतं आणि त्यात पुढचा दिवस गेला.

आधी माजघराने आमचं दुकान 'सार्वजनिक नेटवर्क' ठरवून ठेवलं होतं, म्हणजे एसटी स्टँडवर बसावं तसं तो तोंड लपवून बसला होता. त्याचं अगदीच चुकलं होतं असं नाही. आधारची झेरॉक्स विचारणारे, पंख्याखाली टेकणारे, मिरजेची गाडी गेली का विचारणारे, सगळे इथेच येतात. तरी त्याला पटवलं की हे घर आहे.

मग त्याने पासवर्ड मागितला. बाईंच्या मशीनला पासवर्डच नाही. दहा वर्षं ते नुसतं उघडतं. पण विंडोजचा नियम असा की रिकामा पासवर्ड फक्त समोर येऊन बसलेल्याला चालतो, वायरीवरून आलेल्याला नाही. मी म्हटलं, पासवर्ड घाला. बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आता माझ्या मशीनला कुलूप?" शेवटी घातला, पण मला सांगितला नाही. ओसरीवर येऊन स्वतः टाइप केला. तरी दार बंदच. कारण त्याआधी मी तिथे माझा चार आकडी पिन देऊन पाहिला होता. पिन फक्त ज्या मशीनचा, त्याच मशीनवर चालतो. आणि ओसरीने तो चुकीचा पासवर्ड, लग्नात राहिलेला अहेर धरून ठेवावा तसा, क्रेडेन्शियल मॅनेजरच्या पेटीत जपून ठेवला होता. दर वेळी गुपचूप तोच पुढे करत होती. पेटीतून तो काढला तेव्हा फोल्डर दिसलं.

दिसलं, उघडलं नाही. परवानग्या दोन असतात म्हणे. एक शेअरची, म्हणजे वायरीवरून येणाऱ्यांसाठीची, ती मी 'सर्वांना पूर्ण' अशी उदारपणे दिली होती. दुसरी फोल्डरची स्वतःची. दोन्हींत जी कडक, तिचं चालतं. हा नियम मला कोणी समजावायची गरज नव्हती. लहानपणी सिनेमाला जायचं तर वडिलांची परवानगी लागायची आणि आजोबांचीही.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला तिघे बोलू लागले. बाईंनी वही मिटली. मी संपादकांना फोन करून सांगितलं की एकच फाइल, एकाच ठिकाणी, संपादकीय आत्ता पानात घेतो. ओसरीवर बसून संपादकीयावर दोनदा क्लिक केलं.

उत्तर आलं: ही फाइल 'मालक' यांनी संपादनासाठी उघडलेली आहे.

माझं डोकं फिरलं. कोण मालक? भाडं वाढवून मागणारे घरमालक कालच येऊन गेले होते. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर शिकतो. "बाई, बाहेरून कोणीतरी शिरलंय! फायरवॉल तुम्ही नीट लावली होती ना?"

बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांनी जुन्याकडे बोट दाखवलं. त्याच्यावर दुपारपासून संपादकीय उघडं होतं, 'बघू, इथून दिसतंय का' म्हणून मीच उघडलेलं.

"दादा, २००६ साली त्याने वापरणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तुम्हीच 'मालक' दिलं असेल."

मी उठलो, सहा फूट चालत गेलो आणि मालकाला बंद करून आलो.