किती काळजी घेतो गं तुझी!

आज दुपारी लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात बसले होते. पुतणीच्या लग्नाच्या मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. शेजारच्या गादीवर दुसरं एक कुटुंब होतं. नवरी मुलगी, होणारा नवरा, दोघांच्या आया आणि एक मावशी. मुलीने एक निळी पैठणी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. दुकानातल्या माणसाने विचारलं, "ही ठेवू का बाजूला, ताई?" ती तोंड उघडायच्या आत तो मुलगा म्हणाला, "निळा तिला खुलत नाही. डाळिंबी दाखवा." साडी तिच्या खांद्यावरून त्यानेच काढून घेतली. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "किती लक्ष आहे बघ त्याचं, आत्तापासून!"

सगळे हसले. मुलगीही हसली. माझ्या पोटात खड्डा पडला.

एका साडीवरून कुणाच्या मुलाला नावं ठेवू नयेत, मान्य. असेलही तो चांगला. घरी येईपर्यंत रिक्षात मी स्वतःला हेच सांगत होते. पण मावशी जे बोलल्या ते मी स्वतः एकदा बोललेय. म्हणून लिहायला बसलेय.

२०१५ साल. आम्ही तेव्हा इंग्लंडात रेडिंगला राहायचो. दोन गल्ल्या सोडून एक मराठी जोडपं नवीन आलं होतं. ती माझ्याहून बरीच लहान, एम.कॉम. झालेली, गाणारी. एका रविवारी दोघं घरी आले. मी आधण ठेवलं आणि तिला विचारलं, "चहा की कॉफी?" तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "कॉफीने तिला पित्त होतं. चहाच द्या वहिनी, साखर कमी." आणि मी तिला म्हणाले, "किती काळजी घेतो गं तुझी!"

त्याच ओट्यावर माझा रेडिओ असायचा. बीबीसी रेडिओ ४ वर संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की 'द आर्चर्स' लागायचं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली ही नभोनाट्य मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येते, आजतागायत. इतकी वर्षं चाललेली दुसरी मालिका जगात नाही. महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती, शेतकऱ्यांपर्यंत नवीन माहिती पोचावी म्हणून ती काढली होती. त्यामुळे त्यात गायी, दूध, गवत, गावची जत्रा हे सगळं. रोज तेराएक मिनिटं आणि रविवारी सकाळी आठवड्याचे भाग सलग. शेजारच्या आजींनी मला तिची सवय लावली. आई मुंबई आकाशवाणीवर 'प्रपंच' ऐकायची ना, टेकाडे भावजींचा आवाज आला की लाटणं जरा हळू व्हायचं तिचं, तसंच माझं तिथे झालं.

त्या गावात २०१३ मध्ये रॉब टिचनर नावाचा माणूस आला. मोठ्या डेअरीचा मॅनेजर, आवाज मऊ, वागणं नीटनेटकं. सुरुवातीला कित्येक श्रोत्यांना तो आवडला होता आणि त्यात मीही होते. तो हेलन आर्चरच्या आयुष्यात शिरला. हेलन म्हणजे स्वतःचं चीज करणारी, दुकान चालवणारी, दात्याच्या मदतीने एकटीने मूल होऊ दिलेली बाई. एके दिवशी तो तिला म्हणाला, हा ड्रेस बदल. एवढंच. पुढे गाडी चालवू नकोस, तू दमतेस. मग दुकानात कशाला जातेस, मी आहे ना. मग ती मैत्रीण तुझ्या भल्याची नाही. मग तुला आठवत नाहीये, तू तसं म्हणाली होतीस. हेलनच्या आईवडिलांना वाटायचं, देवमाणूस मिळाला पोरीला. आजी तर त्याच्यावर जीव टाकायची. आणि तो हळूच त्यांच्याही कानात घालत होता, की हेलनचं डोकं ठिकाणावर नाही.

हे सगळं व्हायला अडीच वर्षं गेली. ऐकणाऱ्यांचीही अडीच वर्षं. रोज तेरा मिनिटं, त्यातही कितीतरी दिवस फक्त गायींचं आणि कुणाच्या तरी भांडणाचं, आणि मध्येच दोन मिनिटं हेलनच्या स्वयंपाकघरात. लोक कंटाळले, चिडले. "किती ताणताय, एकदाचं संपवा," म्हणाले. आमच्या शेजारच्या आजींनी तर महिनाभर रेडिओ लावला नाही, सहन होईना म्हणून. त्यांना मी दोष देत नाही.

पण ताणायलाच हवं होतं हो! छळ असाच चालतो. एकेक दिवस घेतला तर सांगण्यासारखं काहीच नसतं. काय सांगणार बाई माहेरी फोन करून? त्याने साखर कमी सांगितली? ड्रेस बदलायला लावला? प्रत्येक गोष्ट एवढीशी, आणि प्रत्येक गोष्टीला काळजीचं वेष्टण. दोन तासांच्या सिनेमात हे बसत नाही. रोज थोडं थोडं चालणाऱ्या मालिकेतच बसतं, कारण ऐकणाराही तसाच फसतो. पहिल्या वर्षी मी रॉबच्या बाजूने होते. ते मला कुणी भाषण देऊन पटवलं असतं का?

आणि आपल्याकडे टीव्हीवर काय चालतं? थप्पड. तीच थप्पड तीन बाजूंनी तीन वेळा, वर ढोल. मग रडणं, मग सासूचा कट उघडकीला, मग नवऱ्याचे डोळे उघडतात आणि सणाच्या विशेष भागात दोघं एकत्र आरती करतात. तुम्ही म्हणाल, मालिका आहे, सोडून दे. नाही सोडत. वर्षानुवर्षं रोज रात्री बायकांना हेच शिकवलंय की छळ थपडेपासून सुरू होतो. थप्पड नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

रेडिंगची ती मैत्रीण मला हेच म्हणाली होती. तिथल्या बागेत, थंडीचे दिवस, बाकावर दोघीच. ड्रायव्हिंगचा क्लास सोडला म्हणाली. का गं? तर, "तो म्हणतो माझं लक्ष नसतं." नोकरीचं विचारलं तर नंतर बघू म्हणतो. पासपोर्ट त्याच्या खणात. मी जरा गप्प झाले तर तीच घाईने म्हणाली, "हात नाही हो उचलत कधी, ताई." आणि मला हायसं वाटलं. खरंच हायसं वाटलं. रोज संध्याकाळी हेलनसाठी जीव खाली-वर होणारी मी, बागेतून घरी आले आणि भाजी चिरायला घेतली.

३ एप्रिल २०१६. रविवार संध्याकाळ. हेलनने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, हेन्रीला, घेऊन घर सोडायचं ठरवलं होतं. रॉबने सुरी तिच्या हातात कोंबली, जीव दे म्हणाला. तेवढ्यात पोरगं खाली आलं. आणि तिने रॉबवर सुरी चालवली. मी ओट्याला धरून उभी होते. दहा मिनिटांनी मी त्या मैत्रिणीला फोन लावला. उचलला तिच्या नवऱ्याने. "ती झोपलीये. काही काम होतं का, वहिनी?" साडेसात वाजले होते. बाहेर अजून उजेड होता. मी म्हणाले, नाही, सहजच.

रॉब वाचला, हेलनवर खटला चालला आणि सगळा देश तिच्याबद्दल बोलत होता. एका श्रोत्याने तिच्या नावाने निधी सुरू केला, छळातून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या 'रेफ्यूज' संस्थेसाठी. १ लाख पौंडांहून जास्त जमले. अस्तित्वातच नसलेल्या बाईच्या नावाने! ११ सप्टेंबर २०१६ ला तासाभराचा भाग झाला, ज्यूरीच्या खोलीतला, आणि हेलन निर्दोष सुटली. तोवर तिचं दुसरं बाळ कैदेतच जन्मलं होतं. मी रडले, नवराही डोळे पुसत होता.

पण आता मला राग येतोय तो वेगळाच. सुरी कशाला लागली? अडीच वर्षं इतकं बारीक विणलं, आणि लोक पेटून उठले कधी, तर रक्त सांडल्यावर. जोडीदारावर असा ताबा ठेवून छळणं हा इंग्लंड-वेल्समध्ये २९ डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे, म्हणजे त्या सुरीच्या तीन महिने आधीपासून. हेलन पोलिसांत गेली असती तर? मालिकेतली तिची मैत्रीण कर्स्टी तिला घेऊन गेली असती तर? तो भाग कुणी ऐकला असता का?

आपल्याकडचंही तेच. आकाशवाणीवर १९९६-९७ मध्ये 'तिनका तिनका सुख' नावाची हिंदी मालिका होती, १०४ भागांची. त्यात पूनम नावाची सून हुंड्यापायी छळ सोसून जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावच्या लोकांनी ते ऐकून आकाशवाणीला भलंमोठं पत्र पाठवलं, हुंडा देणार नाही, घेणार नाही म्हणून, खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे. केवढी मोठी गोष्ट आहे ही. रेडिओ ऐकून एक गाव एकत्र बसून शपथ घेतं. पण पूनमला मरावं लागलं. हेलनला सुरी धरावी लागली. मधल्या बाईचं काय? जी मरतही नाही, मारतही नाही, फक्त चहा घेते?

रेडिओने कुणाचं घर वाचत नाही, हेही मान्य. हेलनच्या पाठीशी शेत होतं, आईबाप होते, चांगली वकील होती. परक्या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या पोरीला कोण होतं? तिथे लंडनच्या साउथॉलला १९७९ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी झटणारी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संस्था होती. मला तिचं नाव माहीत असूनही ते तिला सांगायचं सुचलं नाही.

त्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्या जोडप्याने शहर बदललं. २०१८ मध्ये ती माहेरी परत आल्याचं कळलं, एकटी. मी फोन केला. खूप वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली, अगदी साधेपणाने, तक्रारीचा सूर नव्हता, "तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना ताई, किती काळजी घेतो. मला तेव्हा वाटलं, मग माझंच काहीतरी चुकतंय."

थोडा वेळ थांबले होते लिहायची. चहा करून आणला.

२०२३ मध्ये 'आर्चर्स'वाल्यांनी रॉबला परत आणलं आणि मेंदूच्या गाठीने मारलं. मला आधी संताप आला होता, असा माणूस आजाराने सुटतो म्हणून. पण मुलीने आग्रह केला म्हणून मोबाइलवर ते भाग ऐकले आणि माझं मत थोडं बदललं. सात वर्षांनीही त्याचा आवाज आला की हेलनचा श्वास बदलायचा. कान लावून ऐकलं तर कळत होतं. निकाल लागला म्हणजे संपलं, असं होत नाही, हे वर्षानुवर्षं चालणारी गोष्टच सांगू शकते.

आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला, त्यात मारहाणीच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही लिहिलेला आहे. पैसे न देणं, घालूनपाडून बोलणं, सगळं. इंग्लंडच्या त्या गुन्ह्याच्या कितीतरी आधी. मग आपल्या गोष्टींत ते का येत नाही? निळी पैठणी खांद्यावरून काढून घेतली जाते तेव्हा दुकानात बसलेल्या आठ बायकांपैकी एकीलाही काही ऐकू का येत नाही? माझ्यासकट आठ. मला ऐकू आलं, पण बोलले मीही नाही.

माझ्या मित्रयादीत आकाशवाणीत काम केलेले तिघं आहात. दोघी पॉडकास्ट करता. तुमच्यासाठीच हे सगळं लिहिलंय. कुणीतरी मराठीत अशी मालिका करा. सांगलीकडचं एखादं गाव घ्या, द्राक्षबागा घ्या, दूध डेअरी घ्या, सोसायटीची निवडणूक घ्या आणि त्यात एक घर. तीन वर्षं चालवा. घाई करू नका. तिच्या शेजारणींना, आईला, मावशीला भरपूर बोलू द्या, ऐकणाऱ्याला त्यांच्या बाजूचं होऊ द्या. मला पैसे नकोत, वाचायला, लिहायला, आवाज द्यायला, कशालाही बोलवा. थप्पड ठेवू नका. सुरीसुद्धा नको.

पहिला प्रसंग मी देते. स्वयंपाकघर. आधणाचा आवाज. कपबशा. एक बाई विचारते, "चहा की कॉफी?" मग काहीच नाही. पाणी उकळतंय फक्त. तिने त्याच्याकडे पाहिलं हे रेडिओवर दिसणार नाही, म्हणून ती शांतता पुरेशी लांब ठेवा. आणि मग त्याचा आवाज, अगदी मऊ.