मालक आम्ही, माइक त्यांचा

आज आमच्या सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा. आण्णांना एकट्याला पाठवायला नको म्हणून मीही गेले. नोटिशीत अकरा विषय आणि सभा उरकली चौदा मिनिटांत, घड्याळ लावून सांगतेय. एमडी साहेबांनी विषय वाचायचा, पुढच्या रांगेतल्या पोरांनी 'मंजूर मंजूर' ओरडायचं, की झाला. आण्णा उठले, उसाच्या बिलातनं कापलेल्या बिनपरतीच्या ठेवीचं विचारायला (नाव बघा, ठेव आणि बिनपरतीची!). तर 'आण्णा, ऑफिसला या, निवांत बोलू' आणि माइक बंद.

हा शेअर आजोबांनी खोंड विकून घेतलाय हो! दाखला अजून ट्रंकेत आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात पण शिक्का शाबूत. चिमणीकडं बघून 'आपला धूर' म्हणायचे ते.

प्रवरेला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना चालू केला तेव्हा कल्पना काय भारी होती, शेअर कितीही असू देत, माणशी मत एकच. पन्नास एकरवाला आणि वीस गुंठेवाला सारखाच. त्याच्या वर्षभर आधीच बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, राजकारणात समता येईल पण आर्थिक जीवनात विषमताच राहील म्हणून. खोंड विकताना आजोबांना वाटलं असणार, निदान आपल्या गावापुरतं तरी हे मिटलं.

आता पुण्यातले मित्र म्हणतील, मग निवडणुकीत सत्ताधारी पॅनल पाडा की. अरे, ऊस उभाय ना रानात! तोडणी प्रोग्राम कुणाच्या हातात आहे? दोन वर्षांमागं आण्णांनी असाच प्रश्न विचारला आणि त्या हंगामात आमच्याकडं ऊसतोड टोळी आली मार्चअखेर. उसाला तुरे, आतनं पोकळ, टनेज पार बसलं. विचारलं तर चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) म्हणतो, वरनं सांगितलंय. मालकानं आपल्याच नोकराला भ्यायचं, ही कसली मालकी? मत गुप्त असतं म्हणे. गावात कुणाचं काय गुप्त राहतंय!

हो, कारखान्याच्याच कॉलेजात शिकले मी, नाकारत नाही. आणि खाजगीवाले धुतल्या तांदळाचे नाहीत, तिथं तर 'मंजूर' ओरडायलासुद्धा कुणी बोलवत नाही.

येताना गाडीत मी तावातावानं बोलत होते, आण्णा गप्प, मांडीवर तो गुळगुळीत कागदाचा अहवाल. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "फेसबुकवर टाकशील तर कारखान्याचं नाव नको घालू बाळ, आडसाली ऊस अजून उभाय."

नाही घातलं, आण्णा.