‘बॅलन्स ठेवता येत नाही तर दंड भरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मेसेज गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. थोडक्यात तो असा: ‘मिनिमम बॅलन्सच्या दंडावरून ओरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, बँक म्हणजे धर्मशाळा नव्हे. खातं सांभाळायला खर्च येतो. नियम रिझर्व्ह बँकेचा आहे आणि खातं उघडताना तुम्ही सही करून तो मान्य केलाय. गरिबांसाठी जनधन आहेच. दंडामुळे लोकांना शिस्त लागते. आणि महिन्याला चार-पाचशे रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही.’

खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझे नातेवाईकही आहेत, चांगली माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एक पासबुक होतं. मी आमच्या सोसायटीचे हिशेब बघते. जिने झाडायला येणाऱ्या मावशींनी ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा रेशनकार्ड, लाइट बिल आणि पासबुक एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं. मावशी आधी भोसरीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हाउसकीपिंगला होत्या. त्या ठेकेदाराने सगळ्या बायकांची पगाराची खाती एका खासगी बँकेत, एकाच दिवशी, टेबल मांडून उघडून घेतली होती. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याचं काम सुटलं आणि पगार थांबला. खात्यात ११५० रुपये राहिले होते. तीन महिने पगार जमा झाला नाही की बऱ्याच बँकांत अशी खाती साध्या बचत खात्यात बदलतात, आणि इथे खात्यात सरासरी दहा हजार शिल्लक ठेवायची अट लागू झाली. मावशींना यातलं काही माहीत नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९० गेले. उरले ५६०. मे महिन्यात तेही गेले आणि ३० रुपये बाकी म्हणून नोंदले गेले. जून, जुलै पुन्हा तेच, फक्त आता कापायला खात्यात काही नव्हतं. मग ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते, ३००० रुपये, आले. आधार नेमकं याच खात्याला जोडलेलं होतं. पैसे आल्या आल्या थकलेले १२१० वळते झाले आणि मावशींच्या हाती १७९० आले. ‘ताई, सरकारनं कमी दिले का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

५९० रुपये म्हणजे मावशींच्या घरी अर्ध्या लिटरच्या वीस पिशव्या दूध. भिकेला लागणं म्हणजे काय, हे ज्याच्या खात्यात कायम पन्नास हजार पडून असतात त्याने ठरवू नये. आणि असं घडणाऱ्या मावशी एकट्या नव्हत्या. या योजनेच्या रकमेतून कपात करू नका, असं त्या वेळी राज्य सरकारला बँकांना बजावावं लागलं होतं.

आता ‘खर्च येतो’ हा मुद्दा. खर्च येतो हे खरंच आहे. लॉकरचं भाडं घ्या, डिमांड ड्राफ्टचे पैसे घ्या, माझी तक्रार नाही. पण हा दंड कसा मोजतात ते बघा. अनेक खासगी बँकांत तो तुटीच्या सहा टक्के असतो, वर पाचशे-सहाशेची मर्यादा. अट दहा हजारांची असेल आणि तुमची सरासरी नऊ हजार असेल तर तूट एक हजाराची, दंड ६० रुपये. सरासरी एक हजार असेल तर तूट नऊ हजारांची, दंड ५४०, म्हणजे मर्यादा लागून ५००. दोन्ही खाती सांभाळायला बँकेला येणारा खर्च सारखाच. मग एकाला ६० आणि दुसऱ्याला ५०० कशाचे? जितकी गरिबी जास्त तितका दंड जास्त, असंच हे गणित आहे. आणि दरमहा सहा टक्के म्हणजे वर्षाला ७२. बचत खात्यावर मोठ्या बँका व्याज किती देतात? २०२५ च्या मध्यापासून बऱ्याच ठिकाणी अडीच टक्के.

अजून एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अट सरासरीची असते. रोज रात्रीची शिल्लक मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. ज्याच्याकडे तीन लाख आहेत त्याने ते तीस दिवसांच्या महिन्यात एकच रात्र खात्यात ठेवले आणि सकाळी काढून घेतले तरी सरासरी दहा हजार होते, दंड शून्य. ज्या माणसाने पोटाला चिमटा काढून रोज तीन हजार शिल्लक ठेवली, त्याला मात्र दंड. बँकेच्या खर्चाशी याचा काय संबंध आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने समजावून सांगावं.

स्टेट बँकेचं उदाहरण तर सगळ्यांसमोर घडलेलं आहे. पाच वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी हा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंत १७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा १५८१ कोटी होता. आठ महिन्यांचा दंड एका तिमाहीच्या नफ्यापेक्षा मोठा! केवळ खर्च भागवणारी आकारणी अशी दिसत नाही. लोकांनी आवाज उठवला, दंड कमी झाला, आणि मार्च २०२० मध्ये बँकेने तब्बल ४४.५१ कोटी बचत खात्यांची अटच काढून टाकली. बँक बुडाली का? २०२४-२५ मध्ये तिचा निव्वळ नफा ७०,९०१ कोटी रुपये होता. २०२५ च्या जूनपासून कॅनरा बँकेने आणि त्यापाठोपाठ जुलैत पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही हा दंड सोडला. दंडाशिवाय खाती सांभाळताच येत नसती तर एवढ्या बँकांनी हे केलं नसतं.

एकूण रक्कम किती मोठी आहे तेही सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड, आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून मिनिमम बॅलन्सच्या नावाखाली २१ हजार कोटींहून जास्त वसूल केले. हे पैसे ज्यांच्या खात्यात कमी होते त्यांच्याच खात्यातून आले, दुसरीकडून येऊच शकत नाहीत.

‘नियम रिझर्व्ह बँकेचा आहे’ हे साफ चूक. किती शिल्लक ठेवायची हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ५० हजारांची अट घातली, तेव्हा गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी हेच सांगितलं की हा ज्या त्या बँकेचा निर्णय आहे. पुढे काही दिवसांतच बँकेने ती अट १५ हजारांवर आणली.

रिझर्व्ह बँकेने जे घातलं ते बँकांवर बंधन आहे. २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी पडली की आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, एक महिन्याची मुदत द्यायची, त्यानंतरच दंड. दंड वाजवी असावा, सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. मावशींचं खातं कागदावर उणे झालं नाही हे खरं. पण ‘बाकी’ नोंदून ठेवायची आणि पुढचे पैसे आले की आधी ती कापायची, याचा परिणाम वेगळा काय झाला?

आणि ती सही! बँकेत मावशींच्या खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, ते आम्ही शाखेत जाऊन विचारलं. शेवटचे चार आकडे ऐकून मावशी म्हणाल्या, ‘हा तर सुपरवायझरचा.’ टेबल मांडून खाती उघडली त्या दिवशी ज्या बायकांकडे फोन नव्हता त्या सगळ्यांच्या फॉर्मवर त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. म्हणजे नोटीस गेली असलीच तर काम सुटून गेलेल्या एका माणसाच्या फोनवर. फॉर्म इंग्रजीत होता, फुल्या मारलेल्या होत्या, मावशींनी मराठीत सही केली होती. याला मान्य करणं म्हणत असाल तर तुम्ही स्वतः शेवटचा बँकेचा फॉर्म कधी पूर्ण वाचलात, तेवढं आठवून बघा.

जनधनचा मुद्दा बरोबर वाटतो, कारण ती खरोखर चांगली योजना आहे. २०१४ पासून कोट्यवधी लोकांना तिच्यामुळे खातं मिळालं. पण मेसेजमध्ये पुढची गोष्ट नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला सहसा खातं निवडता येत नाही, पगार ठेकेदार सांगेल त्या बँकेत जमा होतो. काम बदललं की नवं खातं, जुनं तसंच पडून. चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यात एकेका माणसाच्या नावावर अशी तीन-तीन खाती मी पाहिली आहेत. पगार थांबल्यावर खातं शून्य शिल्लकेच्या मूलभूत बचत खात्यात बदलून मागता येतं, पण ते कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय शून्य शिल्लकेची खातीही सुटली नव्हती. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आशिष दास यांनी चिकाटीने दाखवून दिलं की स्टेट बँक या गरिबांच्या खात्यांवर महिन्यात चार वेळा पैसे वजा झाल्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, अगदी यूपीआयनेही, १७ रुपये ७० पैसे कापत होती. शेवटी ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला सांगावं लागलं की १ जानेवारी २०२० पासूनच्या यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेले असे पैसे परत करा.

राहिली शिस्त. चेक परत गेला तर दंड असावा, असं मीही म्हणते, कारण तिथे तुम्ही शब्द दिलेला असतो आणि समोरच्याचा पैसा अडकतो. इथे मावशींनी कुणाचा पैसा अडकवला? स्वतःचेच ११५० रुपये खात्यात ठेवले होते. महिन्याच्या सात तारखेला आलेला पगार दहा तारखेपर्यंत भाडं, किराणा, शाळेची फी यांत संपतो, तो हिशेब मावशींना तोंडपाठ असतो. त्यांना शिस्त शिकवायची गरज नाही.

ज्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईचं, वॉचमनचं असं पासबुक असेल त्यांनी ते एकदा उघडून बघा. ‘मिनिमम बॅलन्स’ किंवा ‘एएमबी चार्जेस’ (एएमबी म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक) अशी नोंद दिसली तर शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात आधी कळवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आम्ही अर्ज दिला. शाखेतला तरुण अधिकारी चांगला वागला, ‘सिस्टीमने कापलेत’ असं म्हणाला खरा, पण त्याने पोच दिली आणि वरिष्ठांकडे पाठवलं. बावीस दिवसांनी चारपैकी दोन महिन्यांचे ११८० रुपये परत आले. उरलेल्या ११८० साठी दुसरा अर्ज दिलाय. त्यात मावशींची मागणी एकच आहे: नोटीस कोणत्या तारखेला आणि कोणत्या नंबरवर पाठवली, ते लेखी द्या.