टॉवेलचं वजन आणि सुताचा हिशेब : एका जुन्या कारखानदारांना उत्तर

काका, नमस्कार. वयाने तुम्ही माझ्या वडिलांएवढे आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.

मागच्या लेखात मी मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे एमआरपी (ऑर्डरवरून कच्चा माल कोणता, किती, कधी लागेल ते काढायची पद्धत), आणि संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी : "हे सगळं चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना ठीक आहे. सोलापुरात सूत भाव बघून घेतात, तक्ता बघून नाही. चोवीस मागांचा मालक हिशेब करत बसला तर माग कोण चालवणार? गड्ड्याच्या आठवड्यात कामगार येत नाहीत, हे तुमच्या कॉम्प्युटरला माहीत आहे का? आणि वजनाचे चार्ट भिंतीवर लावून काय होतं? आमचा जॉबर टॉवेल हातात घेऊन वजन सांगतो." (बाहेरच्या वाचकांसाठी : गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा आणि जॉबर म्हणजे माग जुळवून देणारा अनुभवी कारागीर.)

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे आणि ते कुठवर बरोबर आहे हे मला नीट मांडायचं होतं.

आधी भावाचं. सूत स्वस्त मिळालं की उचलून ठेवणं यात काहीही चूक नाही. बाराही महिने लागणारं २/२० (दुपदरी, २० नंबरचं) सूत तुम्ही मंदीत भरून ठेवलंत तर तो धंद्याचा शहाणपणा झाला. पण सूत केव्हा स्वस्त आहे ते एमआरपी सांगतच नाही. कोणतं सूत, किती आणि उशिरात उशिरा कोणत्या तारखेला दारात हवं, एवढंच ते सांगतं. आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली यावर पुस्तक लिहिलं. त्यातला गाभा असा : टॉवेल किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो, पण ऑर्डर एकदा हातात आली की सूत किती लागेल याचा अंदाज बांधायचा नसतो, तो हिशेब मांडायचा असतो. ट्रॅक्टरला चाकं किती हे कोणी अंदाजाने ठरवत नाही.

आमच्याच शेडमधली एक ऑर्डर घेऊ. हॉटेलचे पांढरे टॉवेल, ७५ बाय १५० सेंटिमीटर, ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम), नग ६,०००. तयार टॉवेल ४५० ग्रॅमचा. ब्लीचिंगमध्ये ८ टक्के घट धरली तर मागावरून उतरताना तो ४९० ग्रॅमचा हवा. म्हणजे २,९४० किलो. वेस्टेज ३ टक्के धरलं की सूत ३,०३१ किलो. आमच्या विणीत त्यातलं ५५ टक्के पाईलला (वर दिसणाऱ्या फेऱ्यांचा उभा धागा), २० टक्के ग्राउंडला (पायाचा उभा धागा) आणि २५ टक्के वेफ्टला (आडवा धागा) जातं. वेफ्ट आलं ७५८ किलो.

आता गोडाऊनमध्ये वेफ्टचं १६ नंबरचं सूत ४०० किलो दिसतंय. दिसतंय, पण त्यातलं २५० किलो दुसऱ्या पार्टीच्या ऑर्डरला लागलेलं आहे. मोकळं फक्त १५०. मागवायचं ६०८ किलो. ही एक वजाबाकी न केल्यामुळे एका दिवाळीच्या तोंडावर आमचे सहा माग तीन दिवस उभे राहिले. २/२० च्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, स्वस्तात घेतलेल्या. वेफ्ट मात्र दोन ऑर्डरींना एकच मोजलं होतं. विणकरांची मजुरी नगावर, त्यामुळे माग उभा म्हणजे हाती शून्य. कांडी भरणाऱ्या बायका सकाळी डबा घेऊन आल्या, दाराशी तासभर बसल्या आणि परत गेल्या. दिवाळीच्या आठवड्यात. तो हिशेब माझ्याकडे होता, म्हणून ही गोष्ट मला तक्त्याची वाटत नाही, त्या डब्यांची वाटते.

तारखांचंही तसंच. माल २८ दिवसांनी द्यायचा असेल तर मागून मोजत यायचं : शिलाई-पॅकिंग ४ दिवस, प्रोसेस ६, विणाई ८, वार्पिंग (उभे धागे बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळणं) आणि बीम चढवणं ३, गिरणीतून सूत यायला ७. म्हणजे पाईल-ग्राउंडचं सूत आजच सांगायला हवं. वेफ्टला बीम भरायचं नसतं, त्यामुळे ते तीन दिवस उशिरा सांगितलं तरी चालतं आणि तेवढे दिवस पैसा मोकळा राहतो. हे करायला कॉम्प्युटर लागत नाही. शंभर पानी वही आणि ऑर्डरमागे अर्धा तास, एवढ्यात होतं.

गड्ड्याबद्दल मात्र तुम्ही मला पकडलंत. मूळ एमआरपीची कमजोरी हीच आहे : ठरलेले दिवस ठरलेलेच राहतील आणि माग हवे तितके मोकळे असतील, असं ते गृहीत धरतं. वार्पिंगवाल्याकडे नंबर लागला किंवा जानेवारीत हजेरी निम्म्यावर आली, तर ८ दिवसांची विणाई १४ दिवसांवर जाते आणि तक्ता तसाच बसून राहतो. पुढे मागांची क्षमता तपासायची जोड या पद्धतीला द्यावी लागली ती म्हणूनच. मागच्या लेखात हे यायला हवं होतं, आलं नाही. आम्ही आता दिनदर्शिकेवर गड्डा, आषाढी आणि दिवाळीचे दिवस आधीच काटतो.

आता वजनाकडे येतो. माझं खरं म्हणणं इथेच आहे आणि मागच्या लेखात मी दोन विषय वेगवेगळे मांडून तेच हरवलं होतं. वर मी "४९० ग्रॅम" आणि "वेस्टेज ३ टक्के" असं सहज लिहिलं. हे आकडे येतात कुठून? मागावरून. टॉवेलच्या वजनात चढउतार जास्त असेल तर एकही नग हलका जाऊ नये म्हणून आपण सगळेच भारी विणतो. आमच्याकडे पूर्वी ४९० च्या जागी ५०२ धरायचे. नगामागे १२ ग्रॅम, ६,००० नगांना ७२ किलो सूत. भाव तुम्हीच लावा. हे सूत चोरीला जात नाही, वेस्टेजमध्ये दिसत नाही, ते गिऱ्हाइकाच्या कपाटात जाऊन बसतं. खरेदीचा हिशेब कितीही काटेकोर केला तरी मागावरचा चढउतार आटोक्यात नसेल, तर त्या हिशेबाचा पहिला आकडाच चुकतो.

चढउतार आटोक्यात आहे की नाही हे कळायला चार्ट लागतो : ठरावीक वेळाने तोललेल्या नगांच्या सरासरीचा एकेक ठिपका, आणि वर-खाली मर्यादेच्या दोन रेषा. वॉल्टर शूहार्ट यांनी तो १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनच्या सामानाच्या कारखान्यासाठी मांडला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, १९४७-४८ मध्ये, ते महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. तेव्हा हे चाकणचं नवं खूळ नाही.

आम्ही दर दोन तासांनी एका मागाचे ५ टॉवेल तोलतो. सरासरी ४९० आणि पाचांतल्या सर्वात जड-हलक्यातला फरक सरासरी १२ ग्रॅम. पाचाच्या गटाला गुणक ०.५७७; त्याने १२ ला गुणलं की सुमारे ७ ग्रॅम, म्हणून पाचांच्या सरासरीच्या मर्यादा-रेषा ४८३ आणि ४९७. एकेका टॉवेलचा नैसर्गिक पसारा मात्र ४७५ ते ५०५. म्हणजे एखादा नग ४८० भरला तर त्याला हात लावायचं कारण नाही. पूर्वी लावत होतो. दिवसपाळीचा जॉबर ४८० बघून पाईल बीमवरचं ताण देणारं वजन कमी करायचा, रातपाळीचा ४९९ बघून परत वाढवायचा. दोघेही प्रामाणिक, दोघेही कामसू आणि दोघांनी मिळून चढउतार वाढवून ठेवला होता.

मग एका मागाचे ठिपके उतरायला लागले. ४९२, ४९१, ४८९, ४८८, ४८६... रेषेबाहेर एकही नाही, पण सलग सात उतरते. मी चार्ट घेऊन जॉबरकडे गेलो. त्याने कागदाकडे पाहिलं, मागाच्या मागे गेला, पाईल बीमवर हात ठेवला आणि म्हणाला, "बीम उतरत आलंय." दोरी-वजनाचा ब्रेक असला की बीम बारीक होत जातं तसा धाग्यावरचा ताण वाढतो. ताण वाढला की पाईलचा फेरा बुटका होतो आणि टॉवेल हलका. ब्रेकचं वजन एक खाच सरकवलं, ठिपके जागेवर आले. आता बीम किती उतरलं की खाच सरकवायची याची खूण त्यानेच बाजूच्या पाटीवर खडूने करून ठेवली आहे.

तेव्हा जॉबरच्या हाताचा अनुभव मी टाकून देत नाही, काका. कारण त्यालाच कळलं, मला नाही कळलं. पण रात्री दोनला पाच टॉवेल किती भरले हे दिवसपाळीच्या हाताला कळायला मार्ग नव्हता. तो चार्टने दिला.

एक गोष्ट मात्र हाताने पकडता येत नाही आणि सोलापुरात ती फार नडते. कापूस हवेतलं पाणी धरतो; चाचणीसाठी ठरवलेल्या प्रमाणित हवेत आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के. मे महिन्यातल्या दुपारी आपल्या कोरड्या हवेत ते सुमारे ५ टक्क्यांवर येतं. तोच ४९० चा टॉवेल तेव्हा ४७४ भरतो. विणाईत काहीही बिघडलेलं नसताना जॉबर बोलणी खातो. आम्ही एक टॉवेल तराजूशेजारी कायमचा टांगून ठेवला आहे. प्रत्येक वेळी आधी तो तोलायचा. त्याचं वजन जितक्या टक्क्यांनी कमी, तितकी बाकीच्यांना सूट. यासाठी यंत्र घ्यायची गरज पडली नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, सुरुवात कुठून करायची. चोवीसही मागांवर करू नका. एकच माग घ्या, पाच-पाच नगांचे पंचवीस गट तोला आणि तोवर मागाला शक्यतो हात लावू देऊ नका. रेषा त्यानंतरच काढायच्या, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मर्यादा या रेषांच्या जागी ओढायच्या नाहीत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्टच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडा : बीम बदललं, धागा तुटला, नवा लॉट लावला, जे झालं ते जॉबरने तिथे लिहावं. आमचा जॉबर तेलुगूत लिहितो. मला वाचता येत नाही, तोच वाचून दाखवतो, आणि त्या वेळी चार गोष्टी जास्त सांगतो.

तुमच्याकडे ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू नसेल तर पहिले दोन आठवडे आमचा घेऊन जा.