राउटरचा देश बदलून ‘रिकामे चॅनल’ पळवू नका

धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, करून बघू का?” थांबवलं म्हणून बरं, नाहीतर केलंच असतं त्याने. मजकूर असा: बहुतेक स्पेक्ट्रम (म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे) रिकामा पडलाय, तो वाटून वापरण्याच्या नावाखाली सेन्सर लावून आपलं बोलणं ऐकतात, त्यात सैन्याच्या लहरी कंपन्यांच्या हाती जातात, तेव्हा राउटर ज्यानुसार चॅनलचे नियम पाळतो तो देश बदला, डीएफएस (रडारला वाट देणारी सोय) बंद करा आणि रिकाम्या चॅनलवर दुप्पट स्पीड घ्या.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनलवर रडारचा हक्क आधीचा असतो. तिथे वायफायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: प्रक्षेपणाआधी साधारण ६० सेकंद ऐकायचं, नंतर रडार आढळलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचं आणि ३० मिनिटं परत फिरकायचं नाही. हेच डीएफएस. रडार अतिशय क्षीण प्रतिध्वनी टिपत असतं, म्हणून लांबचं एखादं प्रक्षेपणही त्याच्या चित्रावर लांबलचक पट्टा उमटवतं. हा कल्पनेतला धोका नाही. पोर्तो रिकोतल्या सॅन हुआन विमानतळासाठी वाऱ्याचे घातक झोत शोधणाऱ्या हवामान रडारमध्ये २००९ साली असाच अडथळा आला. अमेरिकेत रेडिओ लहरींच्या वापराचे नियम करणाऱ्या एफसीसी आणि सरकारी लहरी सांभाळणाऱ्या एनटीआयए या संस्थांनी तपास केला, तेव्हा मूळ सापडलं ते बाहेर बसवलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस उपकरणांत. डीएफएस बंद ठेवणाऱ्या ऑपरेटरांना पुढे दंडही झाले. विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला वेळेत इशारा मिळणं आपल्या व्हिडिओच्या स्पीडपेक्षा महत्त्वाचं आहे, हे वेगळं सांगावं लागतंय याचाच राग येतो.

बोलणं ऐकण्याचा आरोप तर धादांत खोटा. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा नौदलाच्या रडारसोबत वाटून वापरतात. तिथले किनाऱ्यावरचे सेन्सर रडारचा सिग्नल आहे की नाही एवढंच पाहतात. लष्करी जहाजांच्या हालचालींची माहिती साठवायलाही त्यांना नियमानेच मनाई आहे. सैन्याच्या लहरी जाण्याचं म्हणाल, तर रडार दिसताच तिथल्या कंपन्यांच्या उपकरणांनाच बाजूला व्हावं लागतं.

राहिला रिकामेपणा. मान्य, मोजणी केली तर कित्येक पट्टे बराच वेळ शांत दिसतात, आणि वाटून वापरायची गरज त्यातूनच आली. पण तुमच्या छतावर काही ऐकू येत नाही म्हणून चॅनल मोकळा ठरत नाही. इमारतीआड दबलेला टीव्हीचा सिग्नल तुमच्या उपकरणाला लागणार नाही, शेजारच्या टीव्हीच्या उंच अँटेनाला मात्र लागतो, आणि तो टीव्ही स्वतः काहीच प्रक्षेपित करत नसल्याने तुम्हाला सापडतही नाही. टीव्हीच्या मोकळ्या चॅनलसाठी एफसीसीने २०१० मध्ये केवळ ऐकण्यावर विसंबणं सोडून ठिकाणानुसार चॅनल सांगणाऱ्या डेटाबेसवर भर दिला, तो याच अडचणींमुळे.

भावाला एवढंच सांगितलं: देश खरा ठेव, डीएफएस चालू ठेव, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट कर. रडारमुळे राउटर वारंवार चॅनल बदलत असेल तर ३६ ते ४८ पैकी एखादा निवड, तिथे डीएफएस लागत नाही.