उंबराचं फूल आणि तुमचा आक्षेप

नमस्कार सर,

झाडाप्राण्यांच्या जुन्या, डोळ्यांनी बघून केलेल्या वर्गवारीचं कौतुक करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "ज्यांना उंबराचं फूल दिसलं नाही त्यांनी बिनफुलांच्या झाडांचा वर्ग काढला, देवमाशाला मासा म्हटलं. या अज्ञानाची आरती कशाला?" आक्षेप नेमका आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

उंबराला फुलं असतात, हे बरोबरच. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतल्या बाजूला ती दाटीवाटीनं असतात, आणि उंबर फोडल्यावर उडणाऱ्या चिलटांएवढ्या कीटकांपैकीच काही त्यांचं परागीभवन करतात. पण चरकसंहितेतला तो वर्ग जरा उघडून बघा. फूल न दिसता फळणारी झाडं म्हणजे 'वनस्पती'. त्यात कोण बसतं? वड, पिंपळ, उंबर, पायर. आजच्या शास्त्रात ही चारही फायकस या एकाच प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) आहेत. कारण चुकलं, पण भावंडं एका घरात आली! पंचवटीत सीतागुंफेजवळच्या वडाची आणि एखाद्या उंबराची पिकलेली फळं शेजारी ठेवून फोडा, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल.

दर वेळी असं जुळत नाही. फळ पिकलं की मरते ती 'ओषधी', या व्याख्येत गहू आणि हरभरा शेजारी येतात. नात्यानं ते कुठल्या कुठे. पण ज्याला दरसाल बियाणं राखून पेरायचं आहे, त्याला नात्याशी काय करायचंय?

आपल्याकडचंच बघा. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार भुरी आणि केवडा (हल्ली डाऊनीच म्हणतात) या वेलीवरच्या दोन रोगांची गल्लत करत नाही. पानावर राखेसारखी भुकटी असली की भुरी. वर तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी लव असली की केवडा. गंधकानं भुरी आटोक्यात येते, केवडा नाही. शास्त्रानं दोन्हींना बराच काळ बुरशीच मानलं. केवड्याचा जीव खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा, हे नंतर कळलं. फवारणीपुरता फरक बागेत डोळ्यांनीच केला जातो.

देवमाशाबद्दल मात्र हार मान्य. (आजच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनंही १७३५ साली त्याला माशांतच बसवलं होतं, १७५८ मध्ये बाहेर काढलं. एवढं एक समाधान मला असू द्या.) लेखात मी 'ही वर्गवारी शास्त्राइतकीच अचूक' असं लिहून बसलो होतो. ते वाक्य आजच काढतो.