यातला आपला कोण?

२०१३ साली बाबा सांगलीहून आमच्याकडे लॉस एंजेलिसला आले होते. एका संध्याकाळी त्यांना घेऊन आम्ही माझ्या धाकट्या भावाकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला, मोटारीने निघालो. त्या दिवशी लॉस एंजेलिसचे डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स यांचा बेसबॉलचा सामना होता, त्यामुळे सीटबेल्ट लावण्याआधी मी रेडिओ लावला. बेसबॉल कशाशी खातात हे बाबांना ठाऊक नव्हते आणि ते जाणून घेण्याची त्यांना हौसही नव्हती; पण बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेला तो कान होता. समालोचक व्हिन स्कली बोलू लागले तशी बाबांनी खिडकीची काच वर केली आणि अर्धा तास काही न बोलता ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "हा बोलणारा कोणाकडचा आहे? यातला आपला कोण?"

स्कली यांचा तो डॉजर्सबरोबरचा चौसष्टावा हंगाम होता. १९५० साली, संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असताना, ते तेथे रुजू झाले होते आणि त्यांचा पगारही डॉजर्सकडूनच येत होता. तरीही अर्धा तास ऐकून बाबांना ते कोणत्या बाजूचे हे कळले नव्हते, कारण स्कली डॉजर्सना कधी "आपण" म्हणत नसत. रेड बार्बर या त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली ती शिस्त होती.

त्या काळात स्कली यांचा आवाज रेडिओवर नवांपैकी पहिल्या तीन इनिंगपुरताच मिळे. पुढचे समालोचन ते फक्त टीव्हीवर करत. गाडी टेहोनची खिंड चढू लागली तेव्हा तिसरी इनिंग संपली होती आणि लॉस एंजेलिसचे केंद्रही खरखरू लागले होते. पलीकडे खोऱ्यात उतरल्यावर काटा फिरवता फिरवता सॅन फ्रान्सिस्कोचे ६८० किलोहर्ट्झचे केंद्र स्वच्छ लागले. आता जॉन मिलर बोलत होते. सामना तोच आणि धावफलकही तोच होता, मात्र खिंड ओलांडल्याबरोबर आमचा संघ पाहुणा झाला होता. मिलर हे उत्तम समालोचक आहेत, शत्रुपक्षाचे असले तरी मी हे मान्य करते. पण जायंट्सच्या फलंदाजाने चेंडू उंच मारला की त्यांचा आवाज अर्धी पट्टी चढतो. बाबांनी दोन इनिंगमध्ये निकाल दिला, "हा मात्र त्यांचा."

मी डॉजर्सची आणि माझा भाऊ जायंट्सचा, याला आमच्या दोघांच्या नोकऱ्यांपलीकडे काहीही कारण नाही. एकाच घरात, एकाच रेडिओसमोर, एकाच गावसकरसाठी आम्ही देव पाण्यात घातले आहेत. मला काम दक्षिणेला मिळाले, त्याला साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला मिळाले, आणि आज तो माझ्या घरी येताना मुद्दाम जायंट्सची केशरी टोपी घालून येतो. मुळात हे वैरही कॅलिफोर्नियातले नव्हे. दोन्ही संघ न्यूयॉर्कचे होते, १९५७चा हंगाम संपल्यावर दोघांनी एकदमच पश्चिम किनाऱ्याला बिऱ्हाड हलवले, आणि सामानाबरोबर भांडणही आणले. येथील लोकांनी ते आयते घेतले आणि वाडवडिलांचे असल्यासारखे जपले.

या वैराचे मालक खेळाडू नसतात, चाहते असतात, असे माझे मत आहे. खेळाडू ते केव्हाच खाली ठेवून मोकळे होतात.

२२ ऑगस्ट १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर जे घडले, ते दोन्ही बाजूंचे चाहते अजून परवाचे असल्यासारखे सांगतात. डॉजर्सकडून सँडी कोफॅक्स पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि जायंट्सकडून हुआन मारिचाल. मारिचाल फलंदाजीला आल्यावर डॉजर्सचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) जॉन रोझबरो याने चेंडू कोफॅक्सकडे परत फेकताना तो मारिचालच्या कानाजवळून नेला. शब्दाला शब्द लागला आणि मारिचालने हातातली बॅट रोझबरोच्या डोक्यात घातली. चौदा मिनिटे मैदानावर हाणामारी चालली होती. रोझबरोला चौदा टाके पडले. दोघांच्याही डोक्यात त्या महिन्यात बेसबॉलखेरीज बरेच काही होते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतील दंगल शमून आठवडाही झाला नव्हता, आणि मारिचालचा मायदेश डॉमिनिकन प्रजासत्ताक यादवीत सापडला होता. रोझबरोला आवरून, त्याच्या कपाळावरचे रक्त पाहून कळवळलेला माणूस होता जायंट्सचा विली मेज. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याच मेजने कोफॅक्सला होम रन (आपल्या षटकारासारखा, थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला आणि जायंट्सने सामना ४-३ असा जिंकला, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर भाऊ म्हणेल की ताईने सोयीस्कर तेवढेच लिहिले.

लॉस एंजेलिसने मारिचालला क्षमा केली नाही. रोझबरोने केली. १९७५ साली कारकिर्दीच्या शेवटी मारिचाल चक्क डॉजर्समध्ये आला तेव्हा येथील चाहते खवळले, आणि त्यांनी राग सोडावा म्हणून त्यांची समजूत घालणारा माणूस रोझबरो होता. पुढे हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानाच्या मतदानात मारिचाल दोनदा मागे पडला, तेव्हाही रोझबरोने त्याची बाजू उघडपणे मांडली. १९८३ साली मारिचालची निवड झाली. २००२ साली रोझबरो गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला मारिचाल मानाच्या खांदेकऱ्यांत होता. ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याने ते विसरावे आणि ज्यांनी ते गॅलरीतून किंवा रेडिओवर अनुभवले त्यांनी साठ वर्षे विसरू नये, यातच चाहता नावाच्या प्राण्याचे सगळे निदान आले. आमच्या बाबांनी गावसकर श्रेष्ठ की विश्वनाथ यावरून शेजाऱ्यांशी वर्षभर अबोला धरला होता. ते दोघे मात्र एकमेकांचे मेहुणे होते.

रॉक संगीतातही वेगळे काही नाही. कँडलस्टिकच्या त्या मारामारीनंतर वर्षभराने, २८ ऑगस्ट १९६६ रोजी, बीटल्सचा कार्यक्रम डॉजर स्टेडियमवर झाला आणि दुसऱ्याच दिवशी जायंट्सच्या कँडलस्टिकवर. तिकिटे काढून केलेले त्यांचे हे शेवटचे दोन कार्यक्रम. भावाचे म्हणणे असे की शेवट त्यांच्या मैदानावर झाला म्हणजे मान त्यांचा. माझे म्हणणे असे की डॉजर स्टेडियमवर पंचेचाळीस हजार लोक होते आणि कँडलस्टिकला निम्म्याच्या आसपास खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण त्या बोचऱ्या वाऱ्यात बसणार कोण! भाऊ तसा बीटल्सचा नाहीच, तो रोलिंग स्टोन्सचा आहे. घरात जेवण झाल्यावर हा वाद सुरू झाला की भावजय मुकाट्याने भांडी घासायला उठते.

बीटल्स गोंडस आणि स्टोन्स रांगडे, एक आईला आवडणारे आणि दुसरे मुलीला, ही विभागणी चाहत्यांनी आणि वर्तमानपत्रांनी केली. प्रत्यक्षात १९६३ साली स्टोन्सची दुसरी तबकडी ज्या गाण्याची निघाली, ते लेनन आणि मॅकार्टनी यांनी लिहून दिले होते. स्टोन्सना डेका या तबकड्यांच्या कंपनीत घ्या, ही शिफारस बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने केली होती, आणि तीही ज्या डेकाने बीटल्सना परत पाठवले होते तिच्याच माणसाकडे. दोघांच्या नव्या तबकड्या एकाच आठवड्यात येऊन आपटू नयेत म्हणून ते तारखा आपसांत ठरवून घेत. २०२१ साली मॅकार्टनीने स्टोन्सना दुसऱ्यांची ब्लूज गाणी गाणारा बँड म्हटले, त्यावर आमच्या घरात आठवडाभर धुमश्चक्री झाली. २०२३ साली त्याच मॅकार्टनीने स्टोन्सच्या अल्बममधील एका गाण्यात बेस गिटार वाजवली, तेव्हा आम्ही दोघेही जरा ओशाळलो.

मात्र चाहत्यांचे वैर नेहमी असे जेवणाच्या टेबलापुरते राहत नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर रॉक विरुद्ध डिस्को हे भांडण बेसबॉलच्या मैदानात उतरले. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाची नोकरी त्याच्या केंद्राने डिस्कोची वाट धरल्यामुळे गेली होती; नव्या केंद्रावरून तो डिस्कोविरुद्ध रोज रान उठवत होता. व्हाइट सॉक्स संघाने त्याच्याशी संधान बांधून जाहीर केले की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले. दोन सामन्यांच्या मध्यंतरात डालने तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडवला, हजारो प्रेक्षक कुंपणांवरून मैदानात घुसले, गवत उपटले, आगी लावल्या. हॅरी केरी हे व्हाइट सॉक्सचे लाडके समालोचक ध्वनिक्षेपकावरून जागेवर परत जाण्याची विनवणी करत राहिले, पण कोणी हलले नाही. शेवटी पोलिसांची कुमक आली आणि दुसरा सामना न खेळताच पाहुण्या डेट्रॉइट संघाला बहाल करण्यात आला. तेथे द्वाररक्षकाचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या तरुणाने, जो पुढे स्वतः डिस्कोतूनच निघालेल्या हाउस संगीताचा निर्माता झाला, नंतर सांगितले की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या म्हणून आलेल्या कितीतरी तबकड्या होत्या. ती रात्र गमतीची होती असे सांगणारे रॉकचे चाहते मला अजून भेटतात. मला तीत गंमत दिसत नाही. केरींसारख्या लाडक्या आवाजाला त्या रात्री जे आवरता आले नाही, ते डालच्या आवाजाने कित्येक महिने पेरले होते.

म्हणूनच समालोचकाच्या बाबतीत मी खेळाडूपेक्षा अधिक कडक आहे. २०२१पर्यंत बेसबॉलचे राष्ट्रीय प्रक्षेपण करणाऱ्या जो बक यांच्यावर प्रत्येक संघाचे चाहते पक्षपाताचा आरोप करत आले. ज्याअर्थी तीसही संघांना ते आपले शत्रू वाटत, त्याअर्थी गृहस्थ बऱ्यापैकी निःपक्ष असले पाहिजेत. उलट शिकागोचे हॉक हॅरेल्सन आपल्या संघाला सरळ "चांगली माणसे" म्हणत. तेही काहींना आवडे. मला दहा मिनिटांवर ऐकवत नसे.

स्कली यांची गोष्ट निराळी होती. डॉजर्स येथे आल्यावर पहिली चार वर्षे कोलिसियममध्ये खेळत, तेथे मैदान इतके दूर दिसे की लोक समोरचा खेळ समजून घेण्यासाठी ट्रान्झिस्टर आणत आणि स्टेडियमभर स्कलींचाच आवाज घुमे. १९६० साली एका सामन्यात पंच फ्रँक सिकोरी यांचा वाढदिवस होता. स्कलींनी श्रोत्यांना सांगितले की मी तीन म्हणताच शुभेच्छा द्या, आणि हजारो लोकांनी एका सुरात त्या दिल्या. पंचाला शुभेच्छा! आपल्याकडे पंचाच्या वाट्याला काय येते ते सर्वांना ठाऊक आहे.

१९८८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, दोन्ही पायांनी जायबंदी झालेल्या डॉजर्सच्या कर्क गिब्सनने प्रतिस्पर्धी पिचर एकर्सलीला शेवटच्या क्षणी होम रन मारला, तेव्हा चेंडू गेल्याचे सांगून स्कली मिनिटाहून अधिक काळ गप्प राहिले आणि गर्दीला बोलू दिले. १९७४ साली हँक ॲरनने कारकिर्दीतील सर्वाधिक होम रनचा बेब रूथचा विक्रम मोडला तो डॉजर्सच्याच पिचरला होम रन मारून. तेव्हाही स्कली आधी थांबले, आणि मग त्यांनी सांगितले की अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसाला लोक उभे राहून मानवंदना देत आहेत. ॲरनला त्या काळात येत असलेली धमकीची पत्रे ज्यांना माहीत आहेत, त्यांना त्या एका वाक्याचे वजन कळेल. "आपण हरलो" म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ते वाक्य आलेच नसते.

स्कलींचे शेवटचे तीन हंगाम आमच्या घराला टीव्हीवर दिसलेच नाहीत. प्रक्षेपण हक्कांच्या पैशांवरून केबलवाल्यांची जुंपली आणि लॉस एंजेलिसमधील निम्म्याहून अधिक घरांना आपल्याच गावचा संघ पाहता येईना. आम्ही पुन्हा रेडिओवर, तीन इनिंगपुरते, स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ऐकत राहिलो.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांनी शेवटचा सामना सांगितला, तो सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सच्या मैदानावर. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९३६ रोजी, आठ वर्षांच्या स्कलींनी न्यूयॉर्कमध्ये एका लाँड्रीच्या खिडकीत धावफलक पाहिला होता: यांकीज १८, जायंट्स ४. त्या हरलेल्या जायंट्सची त्यांना दया आली आणि ते त्यांचे चाहते झाले. डॉजर्सचा आवाज लहानपणी जायंट्सचा होता, ही गोष्ट भावाने मला त्याच दिवशी फोनवर ऐकवली. विली मेज समालोचन कक्षात त्यांना भेटायला आला, शत्रूच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, जायंट्स ७-१ असे जिंकले, आणि स्कलींनी तेही नेहमीच्याच आवाजात सांगितले. बाबांचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा आठवला.

आता स्कलींच्या जागी जो डेव्हिस आहेत. २०२४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सच्या, दुखऱ्या घोट्याच्या फ्रेडी फ्रीमनने दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावांचा होम रन) मारून पहिला सामना जिंकून दिला, तेव्हा त्यांनी गिब्सनची फ्रेडीशी ओळख करून दिल्यासारखे एक वाक्य टाकले. मला ते फार आवडले. भावाला ते घोकून आणलेले वाटले. शिवाय आम्ही विजेतेपद विकत घेतो हे त्याचे नेहमीचे पालुपद आहेच. ओहतानी या खेळाडूशी डॉजर्सने केलेला दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार, त्यांतले ६८ कोटी नंतर द्यायचे, हे सगळे मी मान्य करते. जायंट्सनेही त्याला जवळपास तेवढीच रक्कम देऊ केली होती, हे तो कधी मान्य करत नाही.

राहता राहिला जायंट्सचा बॅरी बाँड्स. ७६२ होम रन, एका हंगामात ७३, आणि उत्तेजकांच्या आरोपांमुळे २०२२ साली क्रीडालेखकांच्या दहाव्या आणि शेवटच्या मतदानातही हॉल ऑफ फेमच्या दाराबाहेर. रोझबरोचे मोठे मन मी वर इतके वाखाणले आहे, तेव्हा भाऊ आता विचारणार की मग बाँड्सने तुझे काय बिघडवले. त्याने आमच्या पिचरांना मारलेले चेंडू मी स्वतः गॅलरीत बसून मोजले आहेत. या विषयावर भावाने खाली प्रतिक्रियेत काहीही लिहिले तरी मी उत्तर देणार नाही.